निवृत्ती ही सरकारने देण्याची वस्तू नव्हे

गेल्या कोजागरीला इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर, आटीव दुधाचे पेले हाती असताना माझ्या भाच्याचा विषय निघाला. वय त्रेचाळीस, नोकरी संगणकक्षेत्रातली, राहणी साधी. आणखी दोन वर्षांनी नोकरी सोडण्याचा त्याचा विचार आहे. तेवढे ऐकताच जमलेल्या वडीलधाऱ्यांनी एकमुखाने निकाल दिला, की हे आळसाचेच नवे नाव! निकाल देणारे बहुतेक सर्व सरकारी पेन्शनर होते. मीही त्यांतलाच एक. म्हणूनच हा निकाल मला मान्य नाही, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

आमचे आजोबा होळकर दरबारात कारकून होते. वडील मध्यभारतात नोकरीस लागले व मध्यप्रदेशातून निवृत्त झाले. मीही त्याच शासनाचे पेन्शन घेतो. तीन पिढ्या आमच्या म्हातारपणाची चिंता दुसऱ्याने वाहिली आणि त्या निश्चिंतीलाच आम्ही आमची शिस्त समजत आलो. १ जानेवारी २००५ पासून राज्यसेवेत लागलेल्यांना ते जुने पेन्शन नाही. खासगी नोकरीत तर तसे ते कधीच नव्हते. आपण छत्रीखाली उभे राहावे आणि पावसाआधी घर गाठण्याची घाई करणाऱ्याला हसावे, तसे हे झाले.

भाच्याचा हिशेब मी स्वतः तपासला. त्यात जादू नाही. वर्षाच्या खर्चाच्या तेहतीसपट पुंजी जमवायची आणि तिच्यातून दरसाल सुमारे तीन टक्के काढायचे. महागाई वजा जाता पुंजी चार टक्क्यांनी वाढते असे धरले, तर मिळकतीचा पाचवा हिस्सा शिल्लक टाकणाऱ्याला तिथवर पोहोचण्यास सुमारे ४७ वर्षे लागतात. निम्मी मिळकत शिल्लक टाकणाऱ्याला साडेएकवीस. कारण काटकसर दोन्हींकडून काम करते : शिल्लक वाढते आणि लागणारी पुंजीही घटते.

गुंतवणूकही तितकीच सरळ आहे. काही रक्कम पीपीएफमध्ये, काही बँकेत मुदतठेवीत आणि मोठा वाटा निफ्टीच्या पन्नास कंपन्या त्याच प्रमाणात घेणाऱ्या इंडेक्स फंडात. त्यात कोणाच्या हुशारीचे मोल द्यावे लागत नाही, म्हणून खर्च अत्यल्प. वर्षाला एक टक्का जादा खर्च तीस वर्षांत पुंजीचा चौथा हिस्सा खाऊन टाकतो. आपण मात्र एजंट नात्यातला म्हणून, केवळ भिडेखातर, विमा आणि बचत यांची खिचडी असलेल्या पॉलिसी घेत राहिलो. विमा अपुरा, बचतही अपुरी!

‘शेअर म्हणजे जुगार’ हा आक्षेप ठरलेलाच. जुलै २००१ मध्ये यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबली तेव्हा आपल्या कित्येक घरांची झोप उडाली होती, हे मी विसरलेलो नाही. पण तिथे आपण आत काय आहे हे न विचारता केवळ नावावर विसंबलो होतो. २००८ च्या जानेवारीत एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांखाली उतरला, हेही खरे. त्या वेळी घाबरून विकणारे बुडाले. ज्यांच्यापाशी काही वर्षांचा खर्च वेगळा ठेवलेला होता, ते थांबू शकले. भाच्याने पाच वर्षांचा खर्च ठेवीत बाजूला काढला आहे.

तरुणांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पंचवीसपट पुंजी आणि चार टक्के हा मंत्र विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवरून, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडला. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला आणखी तितकीच वर्षे काढायची असतात. त्यात इस्पितळाची बिले आणि आईवडिलांचे वार्धक्यही असते. उसना मंत्र जसाच्या तसा जपू नये. आणि ज्याचा पगार महिनाअखेरीपर्यंतच पुरत नाही, त्याला हा उपदेश करणे क्रूरपणाचे होय.

काटकसर म्हणजे कंजुषी, असेही त्या रात्री कोणी म्हणाले. भाचा दरसाल दोन मुलांची फी भरतो; मोटार मात्र घेत नाही. ज्यांनी वास्तुशांतीसाठी कर्ज काढले, त्यांनी त्याला औदार्य शिकवू नये.

आता माझे स्वतःचे. पन्नाशीत आम्ही उभयतांनी नर्मदेची पायी परिक्रमा करायचे ठरवले होते. स्वेच्छानिवृत्ती मिळत होती, घर स्वतःचे होते, मुलगी मिळवती झाली होती. पण ‘पूर्ण पेन्शन पदरात पडू दे’ म्हणत मी थांबलो. २०१८ मध्ये निवृत्तीचे वय साठाचे बासष्ट झाले, तेव्हा मी पेढे वाटले. सुटलो तोवर हिचे गुडघे गेले होते. परिक्रमा आम्ही बसने केली. घाटाघाटावर ती खिडकीतूनच हात जोडत होती. पेन्शन दरमहा वेळेवर येते. ती वर्षे कोणत्याही कोषागारातून मिळत नाहीत.

भाचा नोकरी सोडून मोडी लिपी शिकणार आहे, वाड्यातील दप्तरे वाचणार आहे. पुढच्या कोजागरीला त्याला आळशी म्हणण्यापूर्वी, आपल्यापैकी किती जणांनी निवृत्तीनंतर ती दप्तरे उघडली, एवढे सांगावे.