सपाट देशाचा गायक

झाक ब्रेल हे नाव ऐकले की आपल्यापैकी बहुतेकांना अंधांची लिपी आठवेल. तो ब्रेल फ्रान्सचा, हा बेल्जियमचा. स्वतः गाणी लिहायची, स्वतः चाली बांधायच्या आणि रंगमंचावर घामाने निथळत ती म्हणायची, असा हा गायक. १९५९ चे त्याचे 'न म कित पा' जगभर अनेकांनी गायिले. पण मला लिहायचे आहे ते त्याच्या भाषेविषयी. मराठी विभाग संपताच जिथे कन्नड विभाग सुरू होतो, त्या आपल्या वार्षिकात हा विषय परका वाटू नये.

ब्रेल १९२९ साली ब्रसेल्सला लागून असलेल्या स्कारबेकमध्ये जन्मला. घराणे मूळचे फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या मुलखातले; घरात मात्र फ्रेंच. वडील पुठ्ठ्याच्या कारखान्यात भागीदार होते. तिथे काही वर्षे काढून, कंटाळून, १९५३ मध्ये त्याने पॅरिस गाठले.

फ्लेमिश घरात फ्रेंच का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण यांची भाषा फ्रेंच ठरली. बहुसंख्य प्रजा डच बोलत होती, पण वर चढायचे तर फ्रेंच हवी. १८९८ च्या कायद्याने दोन्ही भाषा बरोबरीच्या झाल्या. तरी गेंटचे विद्यापीठ पूर्ण डच व्हायला १९३० उजाडले. पुढे १९६२ मध्ये कायद्याने भाषेची सीमारेषाच आखली गेली. लूव्हेनच्या जुन्या विद्यापीठातून फ्रेंच विभागाने बाहेर पडावे या मागणीवरून १९६८ मध्ये सरकार कोसळले, आणि विद्यापीठाच्या वाटणीत ग्रंथालयही वाटले गेले: सम क्रमांकाची पुस्तके एकाला, विषम दुसऱ्याला. ग्रंथालयात बसणाऱ्या कोणाच्याही पोटात हे वाचून कालवते.

या भांडणात ब्रेल कुठे होता? दोन्हीकडे, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते. १९५९ च्या 'ले फ्लामांद' मध्ये त्याने फ्लेमिश बायकांच्या धर्मभीरू, आनंदहीन नाचाची टवाळी केली आणि फ्लेमिश लोक खवळले. पण १९६१ च्या 'मारीके' मध्ये ब्रूज आणि गेंट यांच्यामधल्या मुलखात हरवलेल्या प्रेमासाठी तोच फ्रेंच ओळींमध्ये फ्लेमिश ओळी गुंफतो. १९६२ चे 'ल प्ला पेई' तर त्या सपाट, धुकट, चारी दिशांच्या वाऱ्यांनी झोडपलेल्या भूमीचे स्तोत्रच आहे. ते त्याने डचमध्येही गायिले. भाषांतर एर्न्स्ट फान आल्तेना यांचे. डच त्याला सफाईने येत नसे, तरी गायिला.

१९६६ मध्ये, ऐन भरात असताना, त्याने ओलिंपियाच्या रंगमंचावर पॅरिसचा निरोप घेतला. शेवटचा कार्यक्रम १९६७ च्या मे महिन्यात रूबे येथे झाला. नंतर नाटक, चित्रपट, मग शिडाचे जहाज. अखेर तो पॅसिफिकमधल्या हिवा ओआ बेटावर राहिला आणि स्वतःच्या लहान विमानातून टपाल व रुग्ण ने-आण करू लागला. १९७८ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी कर्करोगाने गेला. त्याची कबर त्याच बेटावर, चित्रकार गोगँच्या कबरीजवळ आहे.

त्याची १९७७ ची शेवटची तबकडी मात्र मला अस्वस्थ करते. तीत त्या बेटांवरचे शांत गाणे आहे आणि फ्लेमिश भाषाभिमान्यांवर केलेला अत्यंत कडवट हल्लाही. हा हल्ला मला मान्य नाही. दुराग्रही माणसे त्या चळवळीत होतीच. कुठल्या चळवळीत नसतात? पण ज्या भाषेला न्यायालयात उभे राहायला दोन पिढ्या झगडावे लागले, तिच्या अभिमानाला हसणे फ्रेंचमधून फार सोपे असते. आपल्या शेजारच्या धारवाडचे बेंद्रे पाहा. घरात मराठी, कविता कन्नड. १९७३ चे ज्ञानपीठ त्या कवितेला मिळाले. ते मराठीतही लिहीत राहिले.

कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, "ब्रेलने चेष्टा केली ती आपल्याच माणसांची. घरच्यांना बोलायचा हक्क घरच्या माणसाला असतोच." मी म्हणतो, मग निदान घरच्यांना कळेल अशा भाषेत बोलावे. यावर तो 'ल प्ला पेई' ची डच तबकडी लावतो, आणि मला गप्प बसावे लागते.