काड्यापेटीतला पहिलवान

गेल्या श्रावणातला एक रविवार. पुण्याहून मुलगा-सून आले होते, बरोबर आठ वर्षांचा नातू. कान्ह्याला सकाळपासून पाऊस लागून राहिला होता, त्यामुळे शेताकडे जायचा बेत रद्द झाला. खिडकीच्या चौकटीवर करंगळीच्या नखाएवढा एक करडा कोळी बसला होता. नातवाने तो पाहिला आणि ओरडला, "आबा, स्प्रे कुठंय?"

मी म्हणालो, "स्प्रे नको, काड्यापेटी आण."

घरात काड्यापेटीची शोधाशोध सुरू झाली. स्वयंपाकघरात लायटर आला त्याला जमाना झाला. शेवटी देवघरात निरांजनाशेजारी एक सापडली. काड्या वाटीत ओतल्या, पेटी हळूच पुढे धरली आणि कोळ्याने आपण होऊन तिच्यात उडी मारली. पन्नासएक वर्षांनी हाताला तो जुना अंदाज आठवला.

आमच्या लहानपणी काड्यापेटी ही मुलांची तिजोरी असे. लाकडाच्या पातळ पट्टीची, वर जहाजाचे चित्र. पावसाळ्यात बाभळीवर सोनकिडे आले की ते तिच्यात जात, सोबत बाभळीचा पाला. एखाद्या दिवशी डबी उघडावी तर आत तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी! चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचे, बांधाच्या बिळात काडी घालून खेकडा बाहेर काढायचा, दोन वारुळांतले मुंगळे समोरासमोर सोडायचे, हे सगळे आम्ही केले. कोळ्यांची झुंज हा मावळातला काही रूढ खेळ नव्हे. आम्हा दोन-तीन पोरांनाच तो नाद लागला होता.

भिंतीवरचा हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. मांजरासारखा दबा धरतो आणि माशीवर झेप घेतो. त्याला आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोठे. दोन नर समोरासमोर आले की पुढचे पाय वर उचलून एकमेकांना आजमावतात. आखाड्यात खडाखडी करणाऱ्या मल्लांची हुबेहूब आठवण व्हावी. बहुतेक वेळा एवढ्यावरच निकाल लागतो. कमजोर असेल तो पाय खाली घेतो आणि पळ काढतो. आम्ही त्यांना 'पहिलवान' म्हणत असू, आणि पैजेला गोट्या लावत असू.

पुढे वाचनात आले की या वेडात आम्ही एकटे नव्हतो. सिंगापुरात एके काळी मुले झुडपांची जोडपाने उलगडून असेच उड्या मारणारे कोळी शोधत आणि त्यांची झुंज लावत. हा कोळी दोन पाने रेशमाने चिकटवून मधे राहतो. वस्त्या जाऊन उंच इमारती आल्या आणि तो खेळ आठवणींपुरता उरला. फिलिपाइन्समध्ये जाळी विणणारे कोळी पकडतात, काड्यापेटीत पुठ्ठ्याचे खण करून ठेवतात आणि एका बारीक काडीच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे सोडतात. तिथे पैसे लागतात, आणि हरणारा पुष्कळदा रेशमात गुंडाळला जातो. जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या काजिकी गावी तर जून महिन्यात कोळ्यांची रीतसर लढत भरते. लढणाऱ्या साऱ्या माद्या. शिमाझु योशिहिरो या सरदाराने चारशे वर्षांपूर्वी सैनिकांना चेव यावा म्हणून ही प्रथा सुरू केली, असे तिथले लोक सांगतात. मावळ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही कथा ऐकून हसू येते आणि थोडी आपुलकीही वाटते.

पण बँकेत उभा जन्म गेल्यामुळे एक सवय जडली आहे. जमा पाहिली की नावे बाजूही पाहायची. बालपणीच्या या खात्यातही एक नोंद नावे बाजूला आहे.

पाचवीत असताना माझ्याकडे एक काळा पहिलवान होता. तो कधी हरला नाही. एका शनिवारी मी त्याच्याच पेटीत दुसरा कोळी टाकला, पेटी फडताळात ठेवली आणि मामाच्या गावी गेलो. पावसाने दोन दिवस अडकलो. परत येऊन पेटी उघडली तर एकाचे नुसते वाळलेले टरफल आणि दुसरा, माझा पहिलवान, तीन पाय गमावून कोपऱ्यात बसलेला. मी रडलो नाही. 'माझाच जिंकला' असे सांगत आजीकडे गेलो. आजी तांदूळ निवडत होती. तिने पेटीत पाहिले आणि म्हणाली, "बाळा, उरुसातला पहिलवान कुस्ती झाल्यावर घरी जातो. ह्याला तू पळायला जागा तरी ठेवली होतीस का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मोकळ्या भिंतीवर हरणाऱ्याला पळता येते. पेटीत येत नाही. कोळी क्रूर नव्हता, पेटी क्रूर होती, आणि ती मी बंद केली होती.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 सालचा आहे. त्यात 'प्राणी' याचा अर्थ माणसाखेरीज कोणताही सजीव असा दिला आहे, आणि केवळ करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजायला चिथावणे हा गुन्हा ठरवला आहे. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली बंदी आली. ती उठावी म्हणून गाडामालक वर्षानुवर्षे लढले आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा सुधारित कायदा मान्य केला. बैलाच्या दोन्ही बाजूंनी बोलायला माणसे होती. कोळ्याच्या बाजूने आजीखेरीज कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

म्हणून झुंजीचा तो खेळ परत यावा असे मी म्हणणार नाही. पण काड्यापेटीबरोबर जे दुसरे गेले, त्याचे मात्र वाईट वाटते. आम्ही कोळ्याला त्रास दिला हे खरे, पण आम्ही त्याला ओळखत होतो. तो कोणत्या भिंतीवर, कोणत्या वेळी, कशाच्या मागावर असतो हे आम्हाला ठाऊक होते. आजच्या मुलाने एकही कोळी पेटीत कोंडलेला नाही. फवारा मारून किती मेले, याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

हा हिशेब नुसत्या भावनेचा नाही. भाताच्या खाचरात फिरणारे कोळी तुडतुडे खातात. सरसकट कीटकनाशक फवारले की कोळी आधी मरतात आणि तपकिरी तुडतुडे दुप्पट जोमाने उठतात, हे आशियातल्या भातशेतीने किंमत मोजून शिकलेले आहे. इंडोनेशियाने 1986 साली भातावरची 57 कीटकनाशके बंद केली ती याच कारणाने. आपल्या वडगाव मावळच्या केंद्रातून 1987 साली इंद्रायणी तांदूळ आला. त्याच्या वंशात एका बाजूला आपला आंबेमोहोर आहे आणि दुसऱ्या बाजूला फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेचा आयआर-8. काडीवर कोळी झुंजवणाऱ्या त्या देशाशी आपल्या ताटातल्या भाताचे असे नाते आहे, आणि दोन्हीकडच्या खाचरांत राखण करणारा कोळीच आहे. कान्ह्याच्या आसपास खाचरांचे प्लॉट होत चालले आहेत. उरलेल्या खाचरांत तरी हा राखणदार राहावा.

तेव्हा आई-वडिलांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाला कोळी पकडू द्या. पेटीला भोके पाडा, एकीत एकच ठेवा आणि संध्याकाळच्या आत तो जिथे सापडला तिथेच सोडा. पकडायला मिळाले नाही तर त्याला सोडायलाही कोण शिकवणार?

त्या रविवारी नातवाने विचारले, "मग हा फाइट कोणाशी करणार?" मी आजीचा जुना हातआरसा काढला आणि कोळ्यासमोर धरला. क्षणभर तो थबकला. मग समोरच्या गड्याला पाहून त्याने पुढचे दोन्ही पाय झटकन वर उचलले. समोरच्यानेही उचलले. नातू पोटावर आडवा होऊन श्वास रोखून पाहत होता.

थोड्या वेळाने त्यानेच हाताने आरसा बाजूला केला. म्हणाला, "आबा, तो दमला असेल." मग पेटी खिडकीपाशी नेऊन उघडी ठेवली आणि कोळी चौकटीवर चढेपर्यंत तिथून हलला नाही.