आठवणींची पेटी आपली, चावीही आपलीच हवी



आपल्या बहुतेक घरांत माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत किंवा दिवाणाच्या पेटीत जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. एखादी मंगल परिणयाची, एखादी नामकरणाची, एखादी वस्तीतल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीची. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या १९९०-९१ या वर्षात आणि त्यानंतरच्या काळात आपल्या माणसांनी पोटाला चिमटा काढून, वर्गणी गोळा करून कॅमेरावाला बोलावला आणि हे चित्रीकरण करून घेतले. पुढे व्ही.सी.डी. आली, डी.व्ही.डी. आली आणि आता तर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आहे. चित्रीकरण उदंड झाले. पण आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ते घरच्या टी.व्ही.वर सहज पाहता येईल अशी व्यवस्था फार थोड्या घरांत आहे.

ही व्यवस्था करता येते. शिकलेल्या मुला-मुलींच्या तोंडी तिचे नाव ‘मीडिया सर्व्हर’ असे आहे. त्यासाठी प्लेक्स, एम्बी, जेलीफिन अशी निरनिराळी सॉफ्टवेअरे मिळतात. यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न आता आपल्या घरांतूनही विचारला जाऊ लागला आहे. आज त्याचाच विचार करू.

सर्व्हर म्हणजे वाढपी

इंग्रजीत ‘सर्व्ह’ करणे म्हणजे वाढणे. पंगतीत वाढपी जसा एकाच पातेल्यातून सर्वांच्या पानात वाढत जातो, तसा सर्व्हर म्हणजे घरातला एक संगणक. तो आपले व्हिडिओ सांभाळतो आणि घरातल्या वाय-फायवरून ज्याने मागितला त्याच्या पडद्यावर तो व्हिडिओ पाठवतो. ताई आतल्या खोलीत मोबाईलवर लग्नाचा व्हिडिओ पाहते, त्याच वेळी बाहेर मुले टी.व्ही.वर मिरवणूक पाहतात. यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नाही. पडून असलेला जुना लॅपटॉप किंवा कचेरीने निकालात काढलेला पी.सी. बहुधा पुरतो. घरातल्या घरात पाहताना इंटरनेटचा डेटाही खर्च होत नाही, कारण व्हिडिओ घरच्या राऊटरपलीकडे जातच नाही.

मात्र ज्या घरात एकच टी.व्ही. आणि पाच-दहाच व्हिडिओ आहेत, त्यांनी या खटाटोपात पडू नये. पेन ड्राइव्ह टी.व्ही.ला लावला की काम झाले. ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जी.बी.हून मोठी फाइल बसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. पडदे अधिक, माणसे अधिक आणि व्हिडिओही अधिक असतील, तरच सर्व्हरचा विचार करावा.

तीन नावे आणि एक प्रश्न

निवड करताना मुले बहुधा दिसणे पाहतात. आम्ही म्हणतो, आधी एक प्रश्न विचारा : उद्या बनवणाऱ्याचे मन फिरले, तर आपल्या घरात काय बंद पडेल?

प्लेक्स हे या तिघांत सर्वांत प्रसिद्ध. दिसायला देखणे, लावायला सोपे आणि बहुतेक स्मार्ट टी.व्ही.वर मिळणारे. परंतु ते नीट वापरायचे तर कंपनीकडे खाते उघडावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये या कंपनीकडील ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि सांकेतिक रूपात ठेवलेले पासवर्ड परक्यांच्या हाती लागले व ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले. दुसरी गोष्ट पैशाची. नोकरीनिमित्त पुण्याला राहणाऱ्या मुलाने मुंबईतल्या घरच्या संगणकावरचा व्हिडिओ पाहणे यासाठी २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने पैसे लावले. त्याच दिवशी कायमच्या वर्गणीचा दर सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेला. संगणक आपला, वीज आपली, व्हिडिओत नाचणारी आत्या आपली; आणि तिला पाहायला परवानगी मात्र दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

एम्बीचा प्रोग्राम पूर्वी कोणालाही उघडून पाहता येत असे. २०१८ साली तो बंद करण्यात आला. एम्बीच्या काही सोयी वर्गणी भरल्यावरच मिळतात.

हे ज्यांना पटले नाही, त्यांनी एम्बीचा शेवटचा खुला प्रोग्राम घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये जेलीफिन सुरू केले. ते स्वयंसेवक चालवतात. त्याला किंमत नाही, वर्गणी नाही आणि पैशासाठी अडवून ठेवलेली कोणतीही सोय नाही. नाव आणि पासवर्ड आपल्याच संगणकावर राहतात. प्रोग्राम खुल्या परवान्याखाली असल्यामुळे उद्या हे स्वयंसेवक थकले, तरी आपल्या घरातले जेलीफिन कोणी काढून नेऊ शकत नाही. इंटरनेट बंद असले तरी घरातल्या घरात ते चालू राहते.

म्हणून आमची शिफारस जेलीफिनची आहे. काटकसर हे त्याचे एक कारण. पण त्याहून मोठे कारण आपल्या चळवळीच्या अनुभवात आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली तेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. इतरांच्या वर्तमानपत्रांत आपल्याला रकाना मिळेल याची वाट पाहत ते बसले नाहीत. ‘भारत भूषण’ हा स्वतःचा छापखानाही त्यांनी उभा केला. साधन आपल्या हाती नसेल, तर आपले म्हणणे आणि आपल्या आठवणी दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात, हे त्यांनी ओळखले होते.

‘मग यूट्यूबवर टाकले की झाले,’ असे काही जण म्हणतील. मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्यावर हक्क सांगितला गेला, तर तिथे व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. गूगल फोटोजवर हवे तेवढे फुकट ठेवण्याची सवलतही १ जून २०२१ पासून संपली. त्यानंतरचे सारे १५ जी.बी.च्या फुकट जागेत मोजले जाऊ लागले. शिवाय घरातल्या लेकी-सुनांचे हळदीतले नाच साऱ्या जगासमोर मांडण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले का?

जेलीफिनच्या उणिवा

उणिवा सांगितल्या नाहीत, तर तो वाचकांवर अन्याय होईल. जेलीफिनला कंपनीची हेल्पलाईन नाही. अडले तर घरातल्या किंवा वस्तीतल्या जाणत्या मुला-मुलीलाच बसावे लागते. काही टी.व्ही.वर त्याचे ॲप सहज मिळत नाही. अशा वेळी अँड्रॉइड टी.व्ही.ची पेटी किंवा फायर स्टिक जोडावी. घराबाहेरून पाहण्याची सोय आपली आपणच करावी लागते. त्यासाठी राऊटरचे दार साऱ्या इंटरनेटला उघडे करू नये. टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरावी. आणि तेही जमत नसेल, तर गावच्या काकांना पेन ड्राइव्हवर प्रत पाठवावी. त्यात कमीपणा काही नाही.

आधी कॅसेट, मग सर्व्हर

सॉफ्टवेअर आज लावले काय, पुढच्या महिन्यात लावले काय, फारसे बिघडत नाही. कॅसेट मात्र थांबत नाही. तिच्या फितीवरचा चुंबकीय थर वर्षानुवर्षे क्षीण होत जातो आणि आपल्या पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. बुरशी लागलेली कॅसेट तशीच व्ही.सी.आर.मध्ये घालू नये. यंत्र खराब होते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटीला लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चालू व्ही.सी.आर.ही आता दुर्मिळ झाला आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. म्हणून ज्याच्याकडे तो चालू आहे, त्याच्याकडे चार घरांनी मिळून काम उरकावे.

व्ही.सी.आर. आणि संगणक यांच्यामध्ये यू.एस.बी.ची छोटी कॅप्चर पट्टी जोडली की कॅसेट चालता चालता तिची फाइल बनते. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, तिथे घाई चालत नाही. फाइल ‘एम.पी.४’ प्रकारची आणि ‘एच.२६४’ पद्धतीची करावी. ही पद्धत बहुतेक टी.व्ही. आणि मोबाईलना थेट समजते. पडद्याला न समजणारी फाइल असली की सर्व्हरला ती त्याच क्षणी बदलून पाठवावी लागते. जुना लॅपटॉप इथेच धापा टाकतो आणि चित्र अडकू लागते. व्ही.सी.डी.तल्या ‘डॅट’ फाइलीही ‘हँडब्रेक’ या फुकट सॉफ्टवेअरने आधीच एम.पी.४ करून घ्याव्यात.

जागेची चिंता नको. जुन्या कॅसेटीच्या चित्राला तासाला साधारण दीड जी.बी. पुष्कळ झाले. तीन तासांच्या वीस कॅसेटी, म्हणजे साठ तास, सुमारे ९० जी.बी.मध्ये बसतात. जुन्या पी.सी.तल्या ५०० जी.बी.च्या डिस्कवर तेवढी जागा सहज निघते.

लावताना तीन गोष्टी

जेलीफिन त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. लावताना ‘हा संग्रह कशाचा?’ असे ते विचारते. तिथे ‘चित्रपट’ न निवडता ‘घरचे व्हिडिओ व फोटो’ हा प्रकार निवडावा. चित्रपट निवडले, तर ते फाइलच्या नावावरून इंटरनेटवर सिनेमा शोधू लागते आणि दादाच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचे पोस्टर चिकटते!

दुसरे, घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे नाव तयार करावे आणि व्हिडिओ पुसण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीकडेच ठेवावा. लहान मुलाच्या बोटाने आजीचा आवाज नाहीसा व्हायला नको.

तिसरे, सर्व्हर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे घरातल्या सर्वांना नीट समजावून सांगावे. हार्ड डिस्क कधीतरी बंद पडतेच. म्हणून सर्व फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या घरात, बहिणीकडे किंवा मावशीकडे ठेवावी. खोलीत पाणी शिरले, आग लागली किंवा घर रिकामे करण्याची वेळ आली, तर काय होते हे आपल्या वस्त्यांना कोणी सांगायला नको.

नावे विचारून घ्या

शेवटी एक काम उरते आणि ते कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही. फाइलला ‘व्हिडिओ ००७’ असे नाव ठेवून भागत नाही. आधी वर्ष, मग महिना, दिवस, प्रसंग आणि गाव लिहावे; म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. त्यानंतर व्हिडिओत कोण कोण आहे, ते लिहावे. निळा झेंडा धरलेली ती मुलगी कोण? ढोलकीवर बसलेले ते बाबा कोण? भिक्खूंच्या शेजारी उभ्या असलेल्या महिला मंडळाच्या बाया कोण? हे ज्यांना ठाऊक आहे, ते आज म्हातारे झाले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आई-बापाचे बोट धरून दीक्षेला गेलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी लाठ्या खाल्लेली आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार पाहिलेली माणसेही थकली आहेत.

१९५५ साली बी.बी.सी. रेडिओने घेतलेल्या मुलाखतीतून बाबासाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो, तो कोणीतरी ध्वनिमुद्रण जपून ठेवले म्हणून. आपल्या कालकथित आजोबांचा आवाज जपायला मात्र बी.बी.सी. येणार नाही. वस्तीच्या जयंतीत भीमगीतांचा मुकाबला रात्रभर रंगला, त्याची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आली नसेल. ती त्या ट्रंकेतल्या कॅसेटीत आहे.

म्हणून येत्या रविवारी एवढे करा. ट्रंक उघडा आणि कॅसेटी मोजा. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला शेजारी बसवा, मोबाईलवर एखादा जुना व्हिडिओ किंवा अल्बममधला फोटो दाखवा, आणि ती सांगेल ती नावे शाळेतल्या पोरीला वहीत लिहायला सांगा. जेलीफिन नंतर लावता येईल. त्या वहीतली नावे मात्र नंतर मिळतीलच, असे नाही.

जयभीम! जय भारत!