औषधाच्या चिठ्ठीवर एक पत्ता

मानसिक आरोग्याचा विषय निघाला की शासकीय बैठकीतील चर्चा बहुधा दोन मुद्द्यांपाशी थांबते: मानसोपचारतज्ज्ञांची कमतरता आणि औषधांचा पुरवठा. दोन्ही निकडीचे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. परंतु एकटेपणावर कोणते औषध लिहून द्यावयाचे?

भिलाईचेच पाहा. १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत देशभरातून माणसे आली; त्यांत आपले मराठीजनही होते. कारखान्याच्या पाळ्यांनी त्यांचे आयुष्य बांधून ठेवले. निवृत्तीबरोबर पाळी सुटते, पुष्कळांचे क्वार्टर सुटते, शेजार सुटतो; मुले तर आधीच पुण्या-बंगळुरूला गेलेली असतात. मग ‘झोप येत नाही’ ही तक्रार दवाखान्यात पोहोचते. गोळीने रात्र सरते. सकाळ मात्र रिकामीच उगवते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१९ पासून अशा रुग्णांसाठी दुवा साधणारे कार्यकर्ते मोठ्या प्रमाणावर नेमले. डॉक्टर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवितात. ते त्याचे निवांत ऐकून घेतात आणि त्याला गायनवृंदाशी, बागकामाच्या गटाशी किंवा कर्जविषयक सल्लाकेंद्राशी जोडून देतात. आपल्याकडेही नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातीलच स्वयंसेवकांना खचलेल्या माणसाला धीर देण्यास व त्याला शासकीय योजनांपर्यंत पोहोचविण्यास शिकविले.

छत्तीसगडला तर हा विचार परका वाटू नये. २००२ साली येथे सुरू झालेल्या आरोग्य कार्यक्रमातील कार्यकर्तीचे नावच ‘मितानिन’, म्हणजे मैत्रीण. विधिपूर्वक जोडलेले आणि रक्ताच्या नात्याइतकेच जपलेले सख्य, हा त्या शब्दाचा येथील अर्थ.

भिलाईत मैत्रीबाग आहे, भजनी मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत. उणीव आहे ती दवाखान्यापासून तेथवर हात धरून नेणाऱ्या माणसाची. माझे म्हणणे एवढेच की, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अशा व्यक्तीचे स्वतंत्र आणि सवेतन पद असावे. आधीच कामाने वाकलेल्या मितानिनीवर आणखी एक नोंदवही लादून हे साधणार नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावयास हवीत. गंभीर आजारात भजन हा औषधाचा पर्याय नव्हे. आणि या पद्धतीविषयीचे पुरावे अद्याप संमिश्र असल्यामुळे आरंभ एखाद-दुसऱ्या सेक्टरपासून करून परिणाम तपासावेत. ‘किती जणांना पाठविले’ हा आकडा अहवालात शोभून दिसेल. परंतु तीन महिन्यांनंतरही किती जण तेथे जात आहेत, हाच खरा प्रश्न.

परप्रांतातील मराठी मंडळांनाही यात करण्याजोगे पुष्कळ आहे. कार्यक्रमाला किती माणसे आली, हे आपण नेहमीच मोजतो. यायची थांबली कोण, याचीही यादी एकदा करून पाहावी.