लोधीपुऱ्याच्या परिचारिकेने कोठे जावे?

सीमाप्रश्न म्हटला की बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी ही नावे आपल्या ओठांवर येतात, आणि ते स्वाभाविकच आहे. ज्यास चटका बसला तो आधी आपल्याच हाताकडे पाहतो. परंतु ज्या 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपणांस म्हैसूर राज्यात लोटण्यात आले, आणि जो दिवस आपण आजवर काळा दिन म्हणून पाळीत आलो, त्याच दिवशी तापीकाठच्या मराठी माणसाचीही वासलात लागली, याचे स्मरण आपल्यापैकी कितीजणांस असते? त्या ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत बऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. नोव्हेंबर उजाडला तो भोपाळची सत्ता घेऊन. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि निमाड जिल्ह्यातील बऱ्हाणपूर मागे राहिले. खानदेशातील रावेर व बऱ्हाणपूर यांमधली जुनी प्रांतसीमा भाषेच्या न्यायाने पुसली जावयास हवी होती, ती तशीच राहिली; वर विदर्भाशीही ताटातूट झाली. केळीच्या बागा मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस सारख्याच डोलत आहेत, आणि रेल्वेने बऱ्हाणपूर स्थानक अजूनही भुसावळ विभागातच ठेवले आहे. रेल्वेस जे उमगले ते राज्यांची वाटणी करणाऱ्यांस उमगले नाही!

बऱ्हाणपूर हे निखळ मराठी गाव आहे, असा आमचा दावा नाही. तेथे उर्दू आहे, निमाडी आहे, गुजराती आहे, हिंदी तर आहेच. पण मराठी घरेही पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. वृत्तपत्री कागद बनविणारी देशातील पहिली गिरणी ज्या नेपानगरात उभी राहिली, ते गाव आज याच जिल्ह्यात आहे. त्या कागदावर सीमालढ्याच्या कितीतरी बातम्या छापल्या गेल्या असतील. त्यांत बऱ्हाणपूरची बातमी मात्र दिवा घेऊन शोधावी लागेल.

या बऱ्हाणपुरातल्या लोधीपुऱ्यात राहणारी एक मराठी मुलगी वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. परिचर्येचे शिक्षण तिने पुरे केले आहे, भोपाळच्या कौन्सिलात तिचे नाव नोंदले गेले आहे, सनद हाती आली आहे. हे शिक्षण सुखासुखी झाले असेल, असे समजण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 2023 च्या फेब्रुवारीत ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांस स्थगिती दिली. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासलेल्या 308 महाविद्यालयांपैकी 2024 च्या आरंभी 169 योग्य ठरली, 74 मध्ये उणिवा निघाल्या आणि 65 सपशेल अयोग्य ठरली. पुढे त्याच वर्षी तपास करणाऱ्यांपैकीच काही अधिकारी लाचेच्या आरोपावरून पकडले गेले. कुंपणानेच शेत खाल्ले तर पिकाने दाद कोणाकडे मागावी? या गोंधळात ज्या मुलींची वर्षे वाया गेली, त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी वेळेवर फी भरली.

आता तिच्यापुढे प्रश्न आहे तो कोठे जाण्याचा. गावातच दहा-पंधरा खाटांच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात राहावे, तर घरचे अन्न मिळेल; पण वेतन तुटपुंजे, आणि शिकविणारी वडीलधारी परिसेविका तेथे असेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने 2016 साली 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा 20,000 रुपयांहून कमी वेतन असू नये, अशी शिफारस केली होती. शिफारसच ती, कायद्याचे बळ तिच्यामागे नव्हते.

इंदूरला जावे, तर होळकरांचे शहर, ओळखीची मराठी घरे, महाराजा यशवंतराव रुग्णालयासारखे प्रचंड रुग्णालय. नोंदणी बदलावी लागत नाही, अधिवासाचा आणि जातीचा दाखला चालतो. जळगाव जवळचे, भाषा घरची, 2018 पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तेथे सरकारी अधिपरिचारिका व्हावयाचे, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हवी, त्यासाठी भोपाळचा ना-हरकत दाखला हवा, आणि याखेरीज अधिवासाचे प्रमाणपत्र हवे. ते ती कोठून आणणार? आपल्या राज्यातील जातीचा दाखलाही दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी उपयोगी पडत नाही. जाहिरातीत मात्र 'मराठीचे ज्ञान आवश्यक' असे छापलेले असते. जी भाषा तिला आईने दिली ती आवश्यक, आणि जो दाखला तिला इतिहासाने नाकारला तोही आवश्यक!

येथे आपण बेळगावकरांनी क्षणभर थांबावयास हवे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत आपल्या 865 गावांच्या मराठी उमेदवारांस सवलत आहे. 2008 सालच्या शासननिर्णयाप्रमाणे दावा सांगितलेल्या गावातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दिला की आपली मुलगी जळगावच काय, सिंधुदुर्गातही अर्ज करू शकते. 2023 साली महात्मा फुले जनआरोग्य योजनाही याच गावांसाठी मंजूर झाली आणि कर्नाटकाने त्यावर आदळआपट केली. ही सवलत कोणी दान म्हणून दिलेली नाही. तिच्यामागे 1956 च्या जानेवारीतील हुतात्म्यांचे रक्त आहे, 1986 च्या लाठ्या आहेत, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा आहे. पण म्हणूनच प्रश्न पडतो, की ज्याच्या पाठीशी दावा नाही त्याची मराठी कमी प्रतीची ठरते काय? बऱ्हाणपूर, मुलताई, भैंसदेही, सौंसर, पांढुर्णा येथील मराठी माणूस रस्त्यावर उतरला नाही, त्याने गोळ्या खाल्ल्या नाहीत. तो शांतपणे हिंदी शाळेत गेला आणि घरी येऊन मराठीत जेवला. त्याच्या या समजूतदारपणाची शिक्षा त्याच्या नातीने भोगावी, हे आम्हांस मान्य नाही.

'मग काय, महाराष्ट्रातच ये!' असे तिला भावनेच्या भरात सांगणारे पुष्कळ भेटतील. उलट, 'तू गेलीस तर तेथले मराठीपण ओसरेल, तू तेथेच राहा' असे सांगणारेही आपल्या चळवळीत आहेत. आमचे मत दोघांहून वेगळे आहे. गड राखण्याचे काम बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या खांद्यावर टाकून आपण व्याख्याने देत फिरावे, हे शोभणारे नाही. तिने प्रथम आपल्या विद्येचा विचार करावा. पहिली दोन वर्षे जेथे खाटा पुष्कळ, जेथे अपघात, बाळंतपण, अतिदक्षता असे सर्व विभाग आहेत आणि चूक झाली तर रागावून का होईना पण शिकविणारी माणसे आहेत, तेथे जावे. ते इंदूर असो की पुणे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या नर्सिंग ऑफिसर पदांची सामाईक परीक्षा देशभर होते, नागपूर आणि भोपाळ या दोन्ही संस्था तिच्यात येतात, आणि तेथे अधिवास विचारीत नाहीत. बी. एस्सी. झालेलीस ती लगेच देता येते; जनरल नर्सिंगची पदविका असेल तर 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. गावातल्या बारा खाटांचा अनुभव तेथे मोजला जात नाही, ही गोष्ट पुष्कळ मुलींस दोन वर्षे फुकट गेल्यावर कळते. आणि जेथे जाईल तेथे मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवू नयेत, न वाचता करारनाम्यावर सही करू नये. परदेशाचे म्हणाल तर जर्मनीकरिता 2024 साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला आहे. भाषा शिकण्याची चिकाटी असेल तर तोही मार्ग आहे, पण पहिली पायरी तो नव्हे.

एवढे सांगूनही एक गोष्ट मनास लागून राहते. बऱ्हाणपूरच्या सरकारी रुग्णालयात केळीच्या बागेत राबणारी एखादी म्हातारी येते. 'जीव घाबरा होतो', 'पोटात कालवतं', 'उगीच कसंतरी होतंय' असे ती म्हणते. हे शब्द हिंदीत नेताना निम्मे सांडतात. स्त्रियांत हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीच्या कळेवाचूनच येतो, आणि तेव्हा त्या 'कसंतरी'मध्येच काय ते निदान दडलेले असते. ते ऐकणारी मुलगी त्या दालनात नसेल, तर नाडी आणि रक्तदाब लिहिला जाईल, म्हातारीचे म्हणणे लिहिले जाणार नाही. बऱ्हाणपूरच्या मुलीस मराठी, हिंदी, निमाडी येते, विणकरांच्या मोहल्ल्यातील उर्दू कळते. असे चार भाषांचे कान ज्या गावास सहज मिळाले, त्या गावास ते राखता येत नाहीत, हा दोष मुलीचा नव्हे. वेतनाचा व व्यवस्थेचा आहे. मध्य प्रदेश शासनाने सीमेवरील जिल्ह्यांत मराठी जाणणाऱ्या परिचारिकांची पदे ठरवून भरावी, असे त्यास कोणी कधी निवेदन दिले आहे काय? आपल्या समितीने ते द्यावे. निवेदनाच्या कागदास सीमा आडवी येत नाही.

आणि महाराष्ट्र शासनास आमचे सांगणे आहे. 2008 च्या निर्णयास पुरवणी जोडून मध्य प्रदेशातील लगतच्या तालुक्यांतील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांस निदान आरोग्य खात्याच्या भरतीत अर्जाची मुभा द्यावी. न्यायालयात दावा नाही, ही सबब पुढे केली जाईल. पण राज्यघटनेचे 16 वे कलम सरकारी नोकरीत वास्तव्यावरून भेद करू नये असे सांगते, व तशी अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस देते; तेव्हा अट सैल करण्यासाठी दाव्याची वाट कशास पाहावी? मराठीची परीक्षा हवी तर घ्या, तोंडी घ्या, रुग्णाच्या खाटेशेजारी उभे करून घ्या. रावेर व मुक्ताईनगरच्या रुग्णालयांत एखादे पद रिकामे असताना, गाडीने तासाभरावर राहणाऱ्या मुलीचा अर्ज दाखल्याअभावी बाजूस ठेवावयाचा की नाही, एवढेच सचिवालयाने ठरवावयाचे आहे.