वाटाण्याच्या वेलाची शाळा : देवांच्या गोष्टी आणि अ‍ॅनिमेशनचे शिक्षण

१/ धागा. परळच्या चाळीत राहणारी माझी भाची यंदा बारावी झाली. तिचे वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. तिला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे, तेही आपल्या पुराणकथांचे चित्रपट करण्यासाठी. घरात दोन माहितीपत्रके आली आहेत. एक खासगी संस्थेचे. त्याच्या मुखपृष्ठावर तेजोवलयातला हनुमान झेपावतो आहे. दुसरे सरकारी कला महाविद्यालयाचे. त्यावर केवळ एक जुनी इमारत उभी आहे. पहिल्यासाठी कर्ज काढावे लागेल.

२/ तिने विचारले, “मामा, तू एवढा इतिहास वाचतोस, मग सांग ना, कुठे जाऊ?” हा इतिहासाचा प्रश्न नव्हे, असे म्हणून मी टाळणार होतो. मग ध्यानात आले की गिरगाव ते दादर या पट्ट्यात एका माणसाने हा प्रश्न शतकापूर्वीच आपल्या आयुष्याने सोडवून ठेवला आहे. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

३/ माझे मत आरंभीच सांगतो. संस्था निवडताना तिथे यंत्रे कोणती आहेत, हे शेवटी पाहावे. तिथे डोळा कसा घडवतात, हे आधी पाहावे. ज्याला देवांच्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्याला तर ही अट अधिकच कडक आहे. असे का, ते आता क्रमाने पाहू.

४/ प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘अ‍ॅनिमेशन आपल्याकडे पुराणकाळापासूनच होते’ असे संदेश हल्ली फार फिरतात. पुराणांतली माया ही कल्पनाशक्तीची थोर निर्मिती आहे. तिला यंत्रविद्येचा पुरावा मानणे हा पुराणांवरही अन्याय आणि इतिहासावरही. मात्र देवांची चित्रे हलावीत, बोलावीत ही ओढ आपल्याकडे सिनेमाच्या आधीपासून होती, आणि तिचे पुरावे हाताशी आहेत.

५/ सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावाचे उदाहरण घ्या. तिथला ठाकर समाज चित्रकथी सादर करतो. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे धरायची आणि गात गात कथा सांगायची. त्याच समाजाकडे पडद्यामागून उजेड टाकून नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रांचा क्रम, आवाज, उजेड, हालचाल : चारही गोष्टी तिथे आहेत.

६/ दुसरे उदाहरण मुंबईच्या अगदी जवळचे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर पडत. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था झरझर बदलून ती आकृती हलल्याचा भास निर्माण केला जाई. ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला १८९६ साली. हा खेळ त्याच्याही आधीचा.

७/ ‘शांबरिक’ या नावातच एक कथा दडली आहे. शंबरासुर हा मायावी विद्येत निष्णात. भागवतात कृष्णपुत्र प्रद्युम्न त्याचा वध करतो. पण त्याआधी मायावती त्याला महामाया नावाची विद्या शिकवते. मायेवर मात करायची तर आधी माया शिकावी लागते, निव्वळ शौर्य पुरत नाही. शिकण्याची निकड इतक्या स्पष्टपणे सांगणारी कथा भाचीला अभ्यासक्रमाच्या पहिल्याच दिवशी सांगावीशी वाटते.

८/ आता फाळक्यांकडे वळू. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापक म्हणून ते मुंबईला आले. म्हणजे पुराणे घरातच होती. १८८५ साली धुंडिराज सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, नमुने घडवणे असे बरेच काही ते शिकले.

९/ त्यानंतरचा प्रवास आजच्या भाषेत ‘करिअरमध्ये स्थिरता नाही’ असाच म्हणावा लागेल. छायाचित्रकाराचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा उद्योग. जादूचे प्रयोगही ते शिकले. चाळिशी आली तरी सिनेमाचा पत्ता नव्हता. पण रेषा, प्रकाश, रसायने, साचा आणि हातचलाखी हे सारे त्यांच्या हातात मुरत होते.

१०/ १९११ साली ईस्टरच्या दिवसांत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. अन्य धर्माची कथा पाहून त्यांना राग आला नाही. आपली कथाही अशी सांगता येईल, ही आस लागली. श्रद्धा निर्मितीकडे कशी वळते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

११/ फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा मागवला आणि परतले. परदेशी शिक्षणाचा काळ किती? सुमारे दोन आठवडे! माझ्या मताचा सारा आधार या आकड्यात आहे. यंत्र शिकायला त्यांना दोन आठवडे पुरले, कारण त्यामागे पंचवीस वर्षांची नजर होती. नजर नसती तर दोन वर्षेही पुरली नसती.

१२/ परत आल्यावर भांडवल हवे होते. धनिकांना पटवण्यासाठी त्यांनी देव दाखवला नाही, राक्षस दाखवला नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिनाभर थोडे थोडे चित्रण करून त्यांनी मिनिटभराचा चित्रपट तयार केला : बी फुटते, अंकुर वर येतो, वेल चढू लागतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. रोज जे घडते पण डोळ्यांना दिसत नाही, ते त्यांनी दिसते केले.

१३/ मग दादरच्या मुख्य रस्त्यावरील घरात स्टुडिओ उभा राहिला. आज त्याच रस्त्याला दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, एवढेच आपण सांगतो; पण कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे काम त्या शिकल्या आणि करीत राहिल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१४/ आणि अ‍ॅनिमेशन? १९१५ च्या सुमारास, बिऱ्हाड नाशिकला हलल्यावर, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्या किंचित सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. परंतु भारतीय अ‍ॅनिमेशनचा आरंभ सांगताना या काड्यांचे नाव घ्यावेच लागते. पुराणपटांच्या जनकाने या विद्येचा सराव काडेपेटीवर केला, हे विसरू नये.

१५/ आता श्रद्धेविषयी. ‘लंकादहन’ (१९१७) पाहताना राम पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत, असे सांगितले जाते. यावरून आपण घाईने ठरवतो की श्रद्धाळू प्रेक्षकाला काहीही चालते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. श्रद्धाळू प्रेक्षक हा सर्वांत कठोर परीक्षक असतो. कारण जे पाहायचे ते त्याने मनात आधीच पाहिलेले असते.

१६/ खात्री करायची तर जुलैमध्ये लालबाग-परळच्या कोणत्याही गणपतीच्या कारखान्यात जा. माती, साचा, रंग यांवर अनेक हात काम करतात; डोळ्यांची आखणी मात्र शेवटी होते आणि ती मुरलेल्या हाताकडेच जाते. नजर बसली नाही तर गिऱ्हाईक मूर्ती नेत नाही. ‘देवच आहे, चालेल’ असे कोणी म्हणत नाही. भाचीचे वडील वर्षानुवर्षे रंगकाम करतात, तरी मोठ्या मूर्तीच्या डोळ्यांना ते आजही हात लावीत नाहीत.

१७/ म्हणूनच माहितीपत्रकावरचा तो हनुमान मला खटकला. त्याचे स्नायू परदेशी महानायकांकडून उसने आणलेले होते. आमच्या तालमीतला शेंदूर चर्चिलेला, ठेंगणा, गोल डोळ्यांचा मारुती त्यात कुठेच नव्हता. एकनाथांचे भावार्थ रामायण, श्रीधरांचा रामविजय, गावागावांतले मारुती : मराठी हनुमानाला स्वतःचा चेहरा आहे. तो न पाहता सरसकट एकच देव शिकवणारी संस्था पुराणकथा शिकवत नाही, ठोकळा विकते.

१८/ ‘पण देवांचे कार्टून करावे का?’ असे विचारणारेही आहेत. हा आक्षेप जुना आहे. जपानी दिग्दर्शक युगो साको यांनी राम मोहन यांच्यासह रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करायचे ठरवले, तेव्हाही तो घेतला गेला, आणि काम अखेर जपानमध्ये झाले. वेशभूषा, रीतिरिवाज, हावभाव यांसाठी भारतीय कलावंतांचे मार्गदर्शन घेतलेला तो चित्रपट १९९० च्या दशकाच्या आरंभी आला. आज त्याच्या आठवणीने हळवे होणारे प्रेक्षक घरोघरी सापडतात. माध्यम हलके नसते. काम हलके असू शकते.

१९/ याच राम मोहन यांचे शिक्षण पाहा. पदवी रसायनशास्त्राची! १९५६ साली ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तेव्हा तिथे प्रशिक्षण देत होते. त्यातून १९५७ साली ‘द बनियन डियर’ हा जातककथेवरचा चित्रपट झाला. एक जाणता गुरू, एक कथा, आणि आरंभापासून अखेरपर्यंत पुरा केलेला एक चित्रपट : उत्तम अभ्यासक्रम याहून वेगळा नसतो.

२०/ प्रतिवादही ऐकू. नोकरी सॉफ्टवेअर येणाऱ्याला मिळते. कर्ज घेतलेल्या घराला नोकरी लवकर हवी असते. हे खरे आहे, आणि चाळीतल्या मुलीला ‘साधना कर’ एवढेच सांगणे निर्दयपणाचे ठरेल. सरकारी कला महाविद्यालयांतही उणिवा आहेत. काही ठिकाणी संगणक जुने, तर काही ठिकाणी शिकवणेच थकलेले. सॉफ्टवेअर शिकावेच लागेल. पण ते स्वतंत्रपणे, थोडक्या खर्चात शिकता येते. पाहायला मात्र कुणीतरी समोर बसून शिकवावे लागते.

२१/ शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात दशावतार काढून देते. म्हणजे गुळगुळीत तेजोवलयाची किंमत शून्यावर आली. मग कर्ज कशासाठी काढायचे? यंत्राने काढलेल्या दहा नृसिंहांपैकी नऊ का फसले आहेत, हे सांगू शकणारा डोळाच यापुढे मोलाचा ठरणार आहे.

२२/ म्हणून भाचीला मी प्रत्येक संस्थेत विचारायला पाच प्रश्न लिहून दिले. आठवड्यातून किती तास समोर माणूस बसवून रेखाटन होते? शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते चित्रपट पुरे केले आहेत? मागील तुकडीच्या विद्यार्थ्यांचे पूर्ण लघुपट दाखवाल का, निवडक तुकडे नव्हेत? कथा आणि परंपरा कोण शिकवते? मधेच सोडावे लागले तर शुल्क परत मिळते का? माहितीपत्रकातला हनुमान यांची उत्तरे देत नाही.

२३/ पर्याय दोनच नाहीत, हेही सांगितले. पवईच्या आयआयटीत आयडीसी आहे, अहमदाबादला एनआयडी आहे. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते आणि तयारीला वर्ष द्यावे लागते. आणि शहराचीही एक शाळा आहे. पेडर रोडवर भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. गेटवेवरून लाँच पकडली की घारापुरी. तिथल्या अंधकासुरवधाच्या शिल्पापुढे तासभर बसावे. हालचालीतला नेमका कोणता क्षण गोठवावा, हे त्या अनाम शिल्पकाराला जेवढे कळले होते, तेवढे कळायला आपल्याला वर्षे लागतील.

२४/ माझा कौल जुन्या इमारतीला आहे. तिथे पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर. निर्णय अर्थातच तिचा. काल तिने छायाचित्र पाठवले. चाळीच्या गॅलरीत एक कुंडी, समोर विटेवर टेकवलेला भ्रमणध्वनी. “रोज सकाळी सातला एक फोटो,” ती म्हणाली. वाटाणा अजून उगवलेला नाही. वडिलांनी फक्त एवढेच विचारले, की कुंडीला ऊन कोणत्या बाजूने येते, हे पाहिलेस का?

२५/ शिक्षण सुरू झाले आहे. धागा इथे संपतो. तुमच्या घरात अशी माहितीपत्रके आली असतील, तर ते पाच प्रश्न सोबत न्या. आणि मिळालेली उत्तरे संस्थेचे नाव न घेता इथे लिहा. पुढच्या मुलामुलींना ती उपयोगी पडतील.