साखरेच्या फुलाचा भाव

सावंतवाडीला आलेला पाहुणा मोती तलावाला फेरी मारतो, राजवाडा पाहतो आणि परतताना चितारआळीतून लाकडी फळांची परडी विकत घेतो. त्यातलं केळं हातात घेऊन दाबून पाहीपर्यंत ते लाकडाचं आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. एकदा विश्वास बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जरा कमी नाही का होणार?’ कौतुक आणि घासाघीस यांच्यामध्ये आपण श्वास घ्यायलाही थांबत नाही.

हे आठवायचं कारण आमच्या शेजारची सून. ती केकवर लावायची साखरेची फुलं करते. गोवा जवळ असल्यामुळे लग्नाच्या मोठ्या केकचं आमच्याकडे कुणाला अप्रूप नाही आणि आता तर बारशापासून एकसष्टीपर्यंत सगळीकडे केक आला आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या टेबलाशी बसून एक गुलाब होताना पाहिला. वस्त्रगाळ साखर, अंड्यातला पांढरा भाग आणि चिवटपणा येण्यासाठी डिंक, किंवा हल्ली मिळणारी टायलोज पावडर, एवढंच साहित्य. मळलेल्या गोळ्याची पाकळी इतकी पातळ लाटायची की खालच्या वर्तमानपत्रातली अक्षरं दिसावीत. गोल टोकाच्या काडीने कडा दाबून तिला लहर द्यायची, ठशाने शिरा उमटवायच्या आणि तारेवर सुकलेल्या कळीभोवती एकेक पाकळी चिकटवायची. एक थर सुकल्याशिवाय दुसरा लावता येत नाही. शेवटी खायच्या रंगाची कोरडी पूड ब्रशने फिरवून क्षणभर वाफ दाखवायची, म्हणजे रंग बसतो. वाफ जास्त झाली तर दोन दिवसांचं काम डोळ्यांसमोर मान टाकतं.

त्यात आमचा पाऊस! साखर हवेतली ओल ओढून घेते आणि आषाढात आमच्याकडे हवेत ओलीखेरीज असतं काय? फूल फ्रिजमध्ये ठेवावं, तर बाहेर काढताच त्यावर दव धरतं. म्हणून औषधांच्या बाटल्यांत असतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ती फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि तरीही रात्री उठून पाहते.

हे साहेबाकडून आलेलं नवं खूळ आहे असं कुणी म्हणू नये. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आपलेच. मंद आचेवर तीळ, खसखस किंवा साबुदाणा बोटांनी फिरवत राहायचं आणि त्यावर पाक चमच्याचमच्याने सोडायचा. घाई केली की गोळा होतो, थंडी नसली की काटा येत नाही. असे काटेरी दाणे ओवून नव्या सुनेचं मंगळसूत्र आणि बोरनहाणातल्या बाळाचा मुकुट होतो. युरोपातल्या दरबारी मेजवान्यांतही साखरेच्या लगद्याच्या मूर्ती मांडत. अठराव्या शतकात त्यांची जागा माइसेनसारख्या कारखान्यांतल्या चिनी मातीच्या मूर्तींनी घेतली. साखर जाऊन माती आली, बघणारी नजर आणि सोसणारा हात मात्र तोच राहिला. चितारआळीत तो हात लाकडावर चालतो, एवढाच फरक.

या हाताचा भाव करण्यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. 1987 साली मी बँकेत कर्जाचे अर्ज पाहत असे. एक वयस्कर चितारी हंगामाआधी लाकूड आणि रंग घेण्यासाठी कर्ज मागायला आले. तारण काय, असं विचारल्यावर त्यांनी खिशातून एक हापूस काढून टेबलावर ठेवला. देठाजवळ हिरवट, खाली केशरी आणि एका अंगाला चिकाचा डाग. मी तो उचलून चक्क नाकाशी नेला! मग हसलो आणि अर्ज पुढे ओढून लाकडाची किंमत, रंगाची किंमत, बेरीज असं मांडून मागितल्याच्या निम्मी रक्कम मंजूर केली. वर म्हणालो, ‘लाकडाला इतके कशाला लागतात?’ ते म्हणाले, ‘लाकडाक नाय सायबानू, वेळाक.’ आणि आंबा खिशात घालून गेले. नियमांनी मला अडवलं नव्हतं. अर्जात वेळेचा रकाना नव्हता आणि तो समासात लिहावा असं मला सुचलं नाही.

राजवाड्यात ते सुचलं होतं. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वाड्यातच कारागिरांना बसवून गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभं केलं. दशावतारी गंजिफेच्या 120 पानांतलं एकेक पान रंगवायला लागणारा वेळ कुणीतरी मोजला, म्हणून ती कला आज दिसते.

‘खावचाच आसा, मगे येवढे पैशे कित्याक?’ हा आमच्याकडचा नेहमीचा सवाल. परड्यातलं खरं फूल खोचलं तर फुकटात काम होईल, हेही ऐकवतात. पण कण्हेर विषारी असते आणि बाजारातल्या गुलाबावर कसली फवारणी झाली आहे कुणास ठाऊक. अन्नावर ठेवायचं फूल अन्नाचंच असावं, यात शहाणपण आहे. ऐपत नसेल तर साधा केक घ्यावा, त्यात कमीपणा नाही. मात्र फूल हुबेहूब हवं आणि भाव साखरेचा द्यायचा, हा व्यवहार लबाडीचा आहे.

परवा मी तिच्यासाठी जुन्या सवयीने हिशेब मांडला. एका फुलाला हात किती तास लागतो ते मोजलं आणि आमच्याकडे गवंड्याला जी रोजची मजुरी पडते, त्या दराने आकडा काढला. साखर आणि डिंक त्यात चिमूटभर भरले. नेमक्या तेव्हाच एक बाई आल्या. त्यांना गुलाब नको होते, सोनचाफा हवा होता. हिने परड्यातलं फूल समोर ठेवून केलेला नमुना दाखवला. कडेला किंचित तपकिरी पडलेली पाकळीसुद्धा तिने सोडली नव्हती. बाईंनी फूल नाकाशी नेलं, हसल्या आणि भाव विचारला. ही गप्प. मग म्हणाली, ‘काका सांगतील.’

मी आकडा सांगितला. बाई म्हणाल्या, ‘एवढे?’ मी म्हटलं, ‘साखरेचे नाहीत, वेळेचे.’

थोडा विचार करून त्यांनी सातांऐवजी पाच फुलं सांगितली. भाव मात्र आम्ही कमी केला नाही.